कुलुपामागचे बिऱ्हाडकरू

कोकणातल्या घराची ओळख डोळ्यांच्या आधी नाकाला होते. गणपतीला किंवा दिवाळीला मुंबईकर मंडळी आपापल्या गावी उतरतात, बोचकी पडवीत टेकवतात, गंजलेल्या कुलुपाशी दहा मिनिटे झोंबतात, आणि दार करकरत उघडले की आतला वास अंगावर येतो. पहिल्या पावसाने सुटणाऱ्या मातीच्या वासाशी त्याचे काही नाते नाही. त्यात बुरशी असते, भिजून वाळलेली आणि पुन्हा भिजलेली गादी असते, उंदीर असतो, आणि सगळ्यांच्या तळाशी अळंबीसारखा एक कुजकट दर्प असतो. हा शेवटचा दर्प ज्याला ओळखता येईल त्याने बाकी काही न करता भिंतीवरची तसबीर उचलून पाहावी. तिच्यामागे शिसपेन्सिलीएवढी जाड, वेडीवाकडी मातीची नळी सरळ वरच्या तुळईकडे गेलेली सापडेल. ते वाळवीचे बिऱ्हाड. भाडे नाही, पागडी नाही, आणि उठवायला कोर्टाचा हुकूमनामाही उपयोगाचा नाही!

गेल्या वर्षी आश्विनात आम्ही कोकणात उतरलो ते या बिऱ्हाडकरूंच्याच पायी. आमच्या सौ.च्या काकू गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत एकट्या राहतात. वय पंचाहत्तरीपुढे, कंबर वाकलेली, जीभ मात्र सरळ. त्यांच्या डोंबिवलीच्या चिरंजीवांनी घर उतरवायचे ठरवले होते. जुने लाकूड घनफुटावर घेणारा एक व्यापारी येऊन विसाराची बोलणी करून गेला होता. "वाळवी खातेच आहे, तिने खाण्यापेक्षा आपण विकलेले बरे," हा चिरंजीवांचा हिशेब, आणि तो अगदीच टाकाऊ होता असे म्हणता येणार नाही. काकूंचे म्हणणे एवढेच, की किती खाल्ले आहे ते आधी कोणीतरी नीट पाहावे. पाहणारा कोण? तर जावई. आम्हाला सुतारकामातले ओ की ठो कळत नाही हे काकूंना ठाऊक होते, पण जावयाचा शब्द मुलाला मोडवत नाही हेही त्यांना ठाऊक होते.

आमचे एक काम कुडाळला होते, म्हणून कोकण रेल्वेने आधी थेट तिकडे गेलो आणि मग हळूहळू वर सरकलो. हे एक बरे झाले. कारण वाळवीकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा तिथेच पाहायला मिळाल्या. कुडाळ-सावंतवाडीच्या मुलखात सातेरी ही ग्रामदेवता, आणि तिचे रूप म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात मातीचे वारूळ, त्याला हळदकुंकू, फुले, नैवेद्य. देवळात ज्या मातीपुढे हात जोडायचे, तीच माती घरी माजघराच्या कोपऱ्यात दिसली की रॉकेलचा डबा शोधायचा! यात विसंगती आहे असे तिथल्या कोणालाच वाटत नाही, आणि विचार केला तर आम्हालाही वाटत नाही. रानात पडलेला पालापाचोळा, मेलेली झाडे यांची माती करण्याचे काम वाळवी करते. तिने ते रानात करावे, आमच्या आढ्यावर करू नये, एवढेच मागणे.

लोक तिला पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंगीशी तिचे नाते नाही. शास्त्रज्ञ तिला झुरळाच्या कुळात बसवतात. आपल्याकडची वारुळे बांधणारी वाळवी तर चक्क शेती करते. लाकूड आणि पाचोळा चावून ती त्याचे सच्छिद्र गोळे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि त्यातून स्वतःचे पोट भरते. श्रावणात कोकणातले लोक वारुळावरून खुडून आणतात ती अळंबी म्हणजे याच शेतातले पीक. काकूंच्या हातची अळंबीची भाजी आम्ही अनेकदा मिटक्या मारत खाल्ली आहे. त्या भाजीत कोणाच्या घराची तुळई होती याची चौकशी कधी केली नाही.

कुडाळकडे बांबूचे काम मोठे आहे. माणगा नावाचा भरीव, जवळजवळ बिनकाट्याचा बांबू बांधाबांधावर उभा असतो. बांबूचा वैरी वाळवीहून निराळा. एक बारीक भुंगेरा आतली पिष्ठमय साखर खाण्यासाठी त्याला पोखरतो, आणि मग वासे-रिपांखाली सकाळी पिवळसर पिठाची छोटीशी रांगोळी पडलेली दिसते. जुने लोक सांगत, बांबू अंधाऱ्या पक्षात तोडावा. चंद्राचा भाग आम्ही पंचांगकर्त्यांवर सोपवतो, पण ऋतूचा भाग खरा. कोंब वाढत असताना, भर पावसात तोडलेला कोवळा बांबू टिकत नाही. थंडीत तोडलेला, तीन वर्षे पूर्ण केलेला बांबू टिकतो. तो ओढ्यात किंवा खाडीत काही आठवडे बुडवून ठेवायची रीतही शहाणपणाची, कारण पाण्यात त्याची साखर निघून जाते आणि भुंगेऱ्याला खायला काही उरत नाही. हल्ली त्यावर बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे पाणी मुरवतात. टाकणखार म्हणजे तोच तो, सोनार डाग देताना वापरतो तो! एक भाग बोरिक आम्लाला दीड भाग टाकणखार, आणि शंभर भाग पाण्यात दोन्ही मिळून पाच-सहा भाग. माणसाला तुलनेने निरुपद्रवी, किड्याला जहाल. एक पथ्य मात्र आहे. हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून पावसात उघड्या राहणाऱ्या कुंपणाला ते लावून उपयोग नाही. छपराखालच्या लाकडालाच लावावे.

तिथून रत्नागिरी. थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशच्या राजाला राज्य घेतल्यावर १८८६ साली इंग्रजांनी रत्नागिरीस आणून ठेवले, १९१० साली हा वाडा तयार झाला, आणि १९१६ साली राजा तिथेच वारला. प्रवासी मंडळी राजाच्या दुर्दैवावर हळहळतात. सौ.ही हळहळल्या. आम्ही आपले उतरत्या छपराकडे पाहत होतो, कारण डोक्यात दुसराच विषय होता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे जुन्या मापाने सव्वाशे इंच, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. वर आंबोलीला तर याच्या दुपटीहून जास्त. अशा मुलखात राजा असो की रंक, घराची पहिली अट एकच, आणि ती म्हणजे पाणी भिंतीपासून दूर टाकता आले पाहिजे.

जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडण्याआधी मालगुंडला थांबलो. १८६६ साली केशवसुत जन्मले ते घर तिथे जुन्या पद्धतीने जपलेले आहे. कवितेचे भक्त तिथे माथा टेकायला येतात. आमच्या मते त्या घराचे रक्षण या भक्तांच्या पायांनीच केले आहे. रोज दार उघडते, रोज वारा फिरतो, रोज कोणी ना कोणी कोपऱ्यात नजर टाकते.

खाडीपलीकडे तवसाळ. तिथून हेदवी, वेळणेश्वर करीत काकूंच्या वाडीत पोचलो तेव्हा भाताची कापणी चालू होती.

काकूंच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने एकाच वर्षी, एकाच सुताराकडून, शेजारी शेजारी दोन घरे बांधली. शंभरीच्या घरातली ही दोन घरे म्हणजे जुळी भावंडे. एकाच खाणीतला जांभा, एकाच रानातला साग, ऐन आणि फणस. एकाचा वारसा काकूंकडे, दुसऱ्याचा मुंबई-पुण्याच्या अकरा हिस्सेदारांकडे. अकरांनी मिळून एक कुलूप घेतले होते.

ते दुसरे घर आम्ही आधी पाहिले. पाहिले म्हणजे काय, पाहण्यासारखे उरले होते तेवढे पाहिले. आढे मध्येच मोडून माजघरात आलेले, कौलांचा ढीग, आणि देवघर होते त्या जागी कमरेइतके वारूळ. काकूंच्या गड्याने सांगितलेली हकिगत साधी होती. वानरांनी एक कौल फोडले. एका कौलाची किंमत ती काय! पण ते बदलायला कोणी नव्हते. पहिल्या पावसाळ्यात त्या भोकातून एका वाशावर धार लागली. ओला वासा वाळवीला हाका मारूनच बोलावतो. पुढच्या पावसाळ्यात वासा खचला, त्याबरोबर शेजारची दहा कौले सरकली, आणि मग दरवर्षी भोक दुप्पट होत गेले. सात-आठ पावसाळ्यांत शंभर वर्षांचे घर खाली आले. भूकंप नाही, वादळ नाही. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले त्याने दापोली-मंडणगडपर्यंत हजारो घरांची कौले-पत्रे उडवली, पण ज्यांची माणसे घरात होती त्यांनी आठवड्याभरात काहीतरी अंथरून छपरे झाकली. या घराला तसे कोणी नव्हते.

काकूंच्या घरी सुतार आला तो सकाळी सातला. सत्तरीचा माणूस, कानावर पेन्सिल, हातात पटाशी आणि हातोडी. त्याने काही बोलण्यापूर्वी घराला एक प्रदक्षिणा घातली आणि मग एकेका खांबाला खालपासून वरपर्यंत हातोडीने ठोकत गेला. वैद्य छातीवर बोटे वाजवतो तसे! चांगले लाकूड ठण्ण बोलते, पोखरलेले भद्द. तेरा खांबांपैकी दहा ठण्ण बोलले. तीन खांब वर ठणठणीत आणि पायाशी भद्द. तुळया सगळ्या शाबूत, फक्त एकीचे भिंतीत घुसलेले टोक हातभर खाल्लेले.

"साहेब, गाभ्याला वाळवी लागली नाय," तो म्हणाला. "सालीकडचा पांढरा भाग तेवढा खाल्लान्. पण ही वर आली कुठून ते बघा."

तो गुडघ्यावर बसला आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या चकचकीत लादीवर त्याने पटाशी आपटली. इथे सगळा उलगडा झाला. जुन्या बांधणीत खांब जमिनीत पुरत नाहीत. त्याच्याखाली घडीव दगडाचा तळखडा असतो आणि तो जमिनीच्या वर चांगला चार-सहा बोटे दिसतो. जमिनीची ओल दगडात अडते, आणि वाळवीला वर जायचे तर त्या उघड्या दगडावरून, सगळ्यांच्या देखत, मातीची नळी बांधत जावे लागते. उजेड आणि कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून तर ती नळी. सारवताना बाईच्या हाताला ती लागली की पुसली जाते, वाळवी पुन्हा बांधते, पुन्हा पुसली जाते. हा खेळ पिढ्यान्पिढ्या चालला होता. वीसएक वर्षांपूर्वी चिरंजीवांनी आईचे सारवणाचे कष्ट वाचावेत म्हणून मातीच्या जमिनीवर चार इंच कोबा घालून लाद्या बसवल्या. हेतू सोन्यासारखा. पण तेरा तळखडे त्यात गाडले गेले आणि खांबांचे लाकूड सिमेंटात उभे राहिले. खालची ओल कोब्यातून सुटेना, ती लाकडात चढली, आणि वाळवीला लादीखालून, कोणाच्या नजरेस न पडता, थेट खांबाच्या पोटात जायचा राजरस्ता मिळाला.

शेणात वाळवी मारण्याचा काही गुण आहे असे समजू नये. वाळलेले शेण ती आवडीने खाते. सारवणाचा खरा गुण दर आठ-पंधरा दिवसांनी घराच्या इंच इंच जमिनीवरून फिरणाऱ्या हातात आणि डोळ्यांत होता. फटी बुजत, नळ्या दिसत, बुरशीचा ठिपका वाढण्याआधी पुसला जाई.

चुलीच्या धुराचेही तसेच. माळ्यावरच्या बांबूंना, पेंढ्याला, आगोटीच्या साठवणीला धुराने काजळी चढे, हवा कोरडी राही, किडे दूर राहत. कोकणातली जुनी आढी काळी कुळकुळीत आणि टणक दिसतात ती त्यामुळे. गॅस आला आणि धूर गेला, तेव्हा अनेक घरांत वाशांतून पीठ पडू लागले, हे खरे. म्हणून काही हौशी मंडळी चूल परत आणा म्हणतात. त्यांनी आधी महिनाभर त्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसावे! काकूंच्या सासूबाईंचे डोळे धुराने गेले आणि छातीचा भाता शेवटपर्यंत वाजत राहिला. आढ्यासाठी बाईचे फुप्फुस जाळणे आम्हाला मान्य नाही. धुराचे काम टाकणखाराचे पाणी आणि उघडी खिडकी मिळून करू शकतात.

बाहेरच्या बाजूची पाहणी व्हायची होती. पश्चिमेच्या भिंतीला कोणा गवंड्याच्या सल्ल्यावरून सिमेंटचा गिलावा केलेला होता. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि वाऱ्यावर कठीण होतो. १८०७ साली बुकाननने आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन नावावरून. पण कठीण झाला तरी तो सच्छिद्रच. पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. त्याला चुन्याचा गिलावा चालतो, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडते. सिमेंटाला केसाएवढी चीर पडली की पाणी आत जाते खरे, पण बाहेर यायचा मार्ग बंद. ही भिंत हाताला दिवाळीतही गार लागत होती, आणि ज्या तुळईचे टोक खाल्लेले होते ती नेमकी याच भिंतीत घुसलेली. त्याच भिंतीला लागून वर्षाचे सरपण रचलेले. म्हणजे अंघोळीच्या बंबाच्या निमित्ताने वाळवीला दारात जेवण वाढून ठेवलेले!

आणखी एक गोष्ट सौ.नी हेरली. पूर्वी मृगाच्या आधी पडवीला माडाच्या विणलेल्या झापांचे आडोसे बांधत. हल्ली सगळीकडे निळे प्लॅस्टिक. प्लॅस्टिक टिकते, स्वस्त पडते आणि पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही. पण वारासुद्धा येऊ देत नाही. झापाच्या विणीतून वारा खेळे. प्लॅस्टिकमागची पडवी चार महिने भांड्यावर झाकण ठेवल्यासारखी घामेजते, आणि मग कपाटातल्या शालूला कसर लागते, तांदळाला टोके होतात, फोटोंवर ढग येतात.

रात्री डोंबिवलीला फोन झाला. चिरंजीव सरळ माणूस. त्यांनी विचारले, "जंतुनाशकवाले एकदा येऊन फवारून गेले की काम भागेल ना?" पूर्वी याचे उत्तर सोपे होते. आल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोरडेन ही नावे एके काळी घरोघर ठाऊक होती आणि ती द्रव्ये वर्षानुवर्षे जमिनीत टिकत, यातच त्यांची थोरवी मानली जाई. ती विहिरीच्या पाण्यातून आणि माशांतून माणसाच्या अंगातही तशीच टिकतात हे पुढे कळले. २००१ सालच्या स्टॉकहोम कराराने हद्दपार करायच्या पहिल्या बारांत या तिघांना बसवले. आता वापरतात ती औषधे निराळी, आणि ती जाणकाराकडूनच, विहिरीपासून दूर, जमिनीत सोडून घ्यावीत. पण ओल तशीच ठेवून फवारणी करणे म्हणजे उघड्या नळाखाली फडके धरण्यासारखे आहे, असे आम्ही त्यांना सांगितले. चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आई म्हातारी झाली. लाद्या काढून तिने पुन्हा सारवत बसायचे का?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर सुतारानेच दिले. लाद्या सगळ्या काढायच्या नाहीत. प्रत्येक खांबाभोवती वीतभर चौकोन कापून तळखडा मोकळा करायचा आणि तो खड्डा उघडा ठेवायचा. झाडताना दिसला पाहिजे, एवढेच.

काम माघात झाले. धिरे लावून तुळया उचलून धरल्या, तीन खांबांचे कुजके पाय कापले आणि त्यांच्याखाली घडीव दगड सरकवले, आता पूर्वीपेक्षा हातभर उंच. खाल्लेल्या टोकाला ऐनाचा जोड दिला. पश्चिमेचा गिलावा पाडून चुन्याचा केला, अंगणाची चढलेली माती उतरवून जोते उघडे केले, आणि पागोळ्यांखाली दगडी पन्हळ काढून पाणी पऱ्ह्याकडे वळवले. सरपण आता अंगणापलीकडे, दगडांवर रचलेल्या मांडणीवर असते. नव्या लाकडाला दोन हात टाकणखाराचे पाणी आणि पायाशी काजूच्या टरफलाचे तेल. हे तेल होड्यांना लावतात ते. हाताला लागले तर बिब्ब्यासारखे उततात, म्हणून सुताराने आधी खोबरेल चोपडून घेतले. खर्च झाला, नाही असे नाही. पण नव्या स्लॅबच्या निम्म्यानेही झाला नाही. व्यापाऱ्याला चिरंजीवांनी स्वतःच नकार कळवला, आणि शेजारच्या घराचे उरलेले लाकूड त्याने अकरा हिस्सेदारांकडून घेतले. अकरांच्या सह्या मिळवायला त्याला चार महिने लागले.

यंदाचा पावसाळा त्या घराने काढला. जूनमध्ये एका तळखड्यावर बोटभर नळी चढली होती. काकूंनी ती केरसुणीच्या बुडख्याने खरवडली आणि जुलैत पुन्हा चढली तेव्हा पुन्हा खरवडली. पश्चिमेची भिंत अजून पुरती सुकलेली नाही. सुतार म्हणतो, तिला आणखी दोन उन्हाळे लागतील. आता मागच्या पडवीच्या रिपा बदलायच्या आहेत. त्या सागाच्या घ्याव्यात की खाडीत बुडवलेल्या बांबूच्या, यावर रोज रात्री फोनवर मायलेकांचे वाजते, आणि दोघेही मध्येच फोन सौ.कडे देऊन जावयांना विचारा म्हणून सांगतात.